सावलीचे अनुस्वार

दोन-तीन वर्षांपूर्वी दिवाळी आटोपल्यावर एका सकाळी मला अनुस्वारांना सावल्या दिसू लागल्या. मी निवृत्तीनंतर मुद्रितशोधनाची कामे करतो. या धंद्याला डोळे आणि संशय एवढेच भांडवल लागते. पैकी संशय माझ्याकडे उपजतच आहे; डोळ्यांचे मात्र, डाव्या मोतीबिंदूनंतर, जरा जपूनच चालले होते. आणि आता हे! प्रत्येक अनुस्वाराच्या उजव्या हाताला एक फिकट अनुस्वार, प्रत्येक कान्याला टेकून एक आजारी काना. १९६२ साली नव्या शुद्धलेखनाने ज्या अनुच्चारित अनुस्वारांना घरी बसवले, ते सगळे थकलेली पेन्शन मागायला आल्यासारखे माझ्या पडद्यावर उभे!

“आधी डॉक्टरांना दाखवून या, मग काय ते अनुस्वार मोजा,” सौभाग्यवती म्हणाल्या. ती रात्र मी कशी काढली ते माझे मला ठाऊक. प्रुफे वाचणाऱ्याचे डोळे गेले, की त्याच्यापाशी उरतो तो नुसता संशय. आणि नुसत्या संशयाचे पैसे कुठला प्रकाशक देतो?

डॉक्टरांनी मला त्यांच्या त्या यंत्राला हनुवटी टेकवायला लावून दोन्ही डोळे तपासले आणि विचारले, “काका, छापील पुस्तकात दिसतात का या सावल्या?”

“नाही.”

“मग चष्मा तुमच्या पडद्याला लावा.”

पडदा नवा होता, २४ इंची. दिवाळीत पुतण्याच्या आग्रहाने घेतलेला. त्याच्या खोक्यात एक नवी वायर होती. पण जुन्या पडद्याची निळ्या टोकाची, पंधरा काड्यांची वायर चांगली धडधाकट असताना नवी कशाला खराब करा, म्हणून ती मी कागदासकट माळ्यावर ठेवली होती. शिवाय टेबल खिडकीशी हवे, म्हणून जुनीला आणखी एक तुकडा जोडून ती लांबवली होती. पुतण्याने हा सगळा संसार पाहिला आणि कपाळाला हात लावला.

त्याने जे समजावले ते मला माझ्या धंद्याच्या भाषेत असे कळले. संगणकाच्या पोटातले चित्र मुळात आकड्यांचे. ही निळी वायर आयबीएमने १९८७ साली आणलेल्या व्हीजीए पद्धतीची. त्या काळच्या काचेच्या जाड पडद्यांना आकडे कळत नसत. त्यांना विजेचा कमीजास्त दाब लागे. म्हणून संगणक आकड्यांचा दाब करी आणि पडदा तो दाब मुकाट्याने रंगवी. छान जमलेले जोडपे होते ते, त्याची थट्टा मी करणार नाही. पण नवे चपटे पडदे स्वतःच आकड्यांवर चालतात. म्हणजे आकड्यांचा दाब करायचा, तो वायरीतून पाठवायचा आणि पलीकडे त्याचे पुन्हा आकडे करायचे. मराठी मजकूर इंग्रजीत करून तो परत मराठीत आणला तर काय उरते, हे मी पोटासाठी वाचलेले आहे. त्यात वायर लांब आणि मध्ये सांधा. तिथे विजेचा थोडा अंश मागे उसळतो, पुन्हा फिरतो आणि किंचित उशिरा पडद्याला पोचतो. तोच माझा उजव्या हाताचा अनुस्वार!

माळ्यावरची वायर खाली आली. ती जोडताच सावल्या गेल्या. ॲनालॉग म्हणजे रतिबाचे दूध. वाटेत जितके हात लागतील तितके पाणी. डिजिटल म्हणजे ‘दोन लिटर’ लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी चुरगळली, मळली, तरी आकडा वाचता आला की दूध दोनच लिटर. आकडा वाचताच आला नाही तर मात्र पडद्यावर ठिणग्या उडतात, नाहीतर सगळा काळोख. म्हणूनच दुकानात जी सोन्याचा मुलामा दिलेली वायर ‘चित्र जास्त खुलतं’ म्हणून दाखवतात, तिच्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. चिठ्ठी सोनेरी कागदावर लिहिली म्हणून दुधावर जास्त साय येत नाही.

आता त्या हर्ट्झविषयी. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदात किती वेळा नव्याने रंगतो तो आकडा. नव्वदीत आमच्या कचेरीत जाड पडद्यांचे संगणक आले. त्यांत इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीओळीने सगळा पडदा सारवत जाई आणि सारवलेले मागोमाग विझत जाई. साठ हर्ट्झला ती लुकलुक थेट कपाळात भरे. टंकलेखक बायकांच्या खणात कागदांपेक्षा बामच्या बाटल्या जास्त. साहेब म्हणत, “सवय नाही हो यांना.” तोच आकडा ७५ किंवा ८५ केला की लुकलुक थांबते आणि बहुतेक पडद्यांत त्याला माऊसच्या पाच-सहा टिचक्या पुरत. हे आम्हांला एकाही शहाण्याने सांगितले नाही. त्या बायकांनी डोकी धरून दिवस काढले.

आता चपट्या पडद्यात ठिपका पुढचे चित्र येईपर्यंत पेटलेलाच राहतो. स्थिर अक्षर साठलाही स्थिरच. आणि आता खोक्यावर हाताएवढ्या अक्षरांत छापतात, १४४ हर्ट्झ! कपाळ दुखत होते तेव्हा आकडा लपलेला आणि आता, माझ्यासारख्या दिवसभर ‘की’ आणि ‘कि’ पाहणाऱ्याला त्याचे फारसे काम नसताना, त्याचेच पैसे मोजायचे. हलत्या चित्राची गोष्ट वेगळी, हे मान्य. साठला एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ला सुमारे ७. पुतण्या खेळतो त्या धावपळीच्या खेळांत हा फरक डोळ्यांना खरोखर कळतो. त्याने तसाच पडदा, आईकडून पैसे काढून, घेतला होता.

“साठवर आता मला बघवतच नाही, काका,” तो सांगत असे. त्याच्या घरी गेलो तेव्हा मी, उपजत संशयाने, त्याच्या संगणकात तो आकडा कुठे असतो ते विचारले. त्याने उघडून दाखवला. साठ! आठ महिने पडदा १४४चा आणि संगणक त्याला चित्रे पाठवत होता साठच.

तो बराच वेळ पाहत राहिला. मग आकडा बदलला, माऊसचा बाण इकडून तिकडे फिरवून पाहिला आणि हळूच म्हणाला, “काका, आईला सांगू नका.”

मी नाही सांगितले. नवी वायर माळ्यावर कुणी ठेवली होती, हे त्यानेही आमच्या घरात अजून सांगितलेले नाही.