फ्लॉपीतल्या पोथ्या

‘मिस्टरी हाउस’ नावाचा एक खेळ १९८० साली अमेरिकेत अ‍ॅपल टू या घरगुती संगणकासाठी निघाला. केन आणि रोबर्टा विल्यम्स या दांपत्याने तो केला होता. पडद्यावर रेघांनी काढलेले एक घर. खाली इंग्रजीत दोन शब्द टंकायचे की दार उघडते, जिना चढता येतो, खुनी शोधता येतो. मॅथ्यू कर्शेनबाउम या अभ्यासकाने ‘मेकॅनिझम्स’ (२००८) या पुस्तकात या खेळाच्या एका प्रतीची तपासणी केली आहे. प्रत म्हणजे मूळ फ्लॉपी नव्हे. कोणीतरी फ्लॉपीवरून उतरवून घेतलेली आणि हातोहाती फिरत राहिलेली फाइल. खेळण्यापुरती न उघडता त्यांनी ती बाइट न् बाइट वाचली, तेव्हा तिच्यात दुसऱ्याच दोन खेळांचे अवशेष सापडले. म्हणजे कोणा अनाम माणसाने वापरलेली फ्लॉपी पुसून तिच्यावर ‘मिस्टरी हाउस’ उतरवला होता, आणि पुसणे पुरते झाले नव्हते.

हस्तलिखितांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना (१९१९ ते १९६६) जे प्रश्न पदोपदी विचारले, तेच इथे उभे राहतात. ही प्रत कोणाची? कशावरून उतरली? लेखनिकाने काय गाळले, काय पदरचे घातले? जुने सॉफ्टवेअर जतन करण्याच्या खटाटोपाकडे आपण एकतर तंत्रज्ञांची हौस म्हणून पाहतो, नाहीतर चाळिशी उलटलेल्यांचे स्मरणरंजन म्हणून. माझ्या मते ती पाठचिकित्सा आहे आणि तिचे मूल्यमापनही त्याच कसोटीवर व्हायला हवे. तसे केले तर या कामातले काही फार थोर ठरते, आणि ज्याचा सर्वाधिक गाजावाजा होतो ते काहीसे उणे.

आधी फ्लॉपी कशी असे ते पाहू. अ‍ॅपल टूची डिस्क ड्राइव्ह १९७८ साली आली. ती स्टीव्ह वॉझ्नियॅकची करामत. इतर ड्राइव्हांत चिप्स करीत ते बरेचसे काम त्याने सॉफ्टवेअरवर सोपवले आणि यंत्र स्वस्त केले. १९८० नंतरच्या नेहमीच्या फ्लॉपीवर ३५ वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर १६ खंड, प्रत्येक खंडात २५६ बाइट. एकूण १,४३,३६० बाइट. संग्रहांत सर्रास आढळणारी ‘डीएसके’ जातीची फाइल नेमकी एवढीच असते. पण फ्लॉपीवरची मांडणी सॉफ्टवेअरच ठरवत असल्यामुळे प्रकाशकांना ती हवी तशी बदलता येई, आणि नक्कल होऊ नये म्हणून ते बदलतही. जॉर्डन मेकनरच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ने (१९८९) एका मार्गावर १६ ऐवजी १८ खंडांचा मजकूर बसवला होता. अशी फ्लॉपी ‘डीएसके’ साच्यात मावतच नाही. तिला त्या साच्यात कोंबायचे तर आधी मोडायला हवे.

हे मोडण्याचे काम ऐंशीच्या दशकात पोरसवदा चोरट्या नकलाकारांनी केले. कुलूप तोडायचे, फ्लॉपी साध्या साच्यात आणायची, जागा पुरत नसेल तर सुरुवातीची चित्रफीत छाटायची, आणि पहिल्याच पडद्यावर आपले टोपणनाव झळकवायचे. पोथीच्या शेवटी लेखनिक पुष्पिका लिहितो, तसेच. फक्त याची पुष्पिका आरंभी आणि बढाईखोर. कायद्याने ही चोरी होती. तरीही त्या काळचे पुष्कळसे खेळ आज आपल्यापर्यंत पोचले ते याच चोरट्या प्रतींमधून. अडचण एवढीच की लोक त्याच गोष्टी चोरतात ज्या त्यांना हव्याशा वाटतात. शाळेत गणित आणि शुद्धलेखन शिकवणारे शेकडो कार्यक्रम कोणालाच चोरावेसे वाटले नाहीत, म्हणून ते मागे राहिले.

‘फोर-एएम’ या टोपणनावाने काम करणाऱ्या एका व्यक्तीने हीच उणीव भरून काढायला घेतली. अ‍ॅपल टूची शैक्षणिक सॉफ्टवेअर शोधायची, कुलूप काढायचे, पण बाकी एकही बाइट बदलायचा नाही. आणि प्रत्येक वेळी कुलूप कोणत्या प्रकारचे होते, ते कसे काढले याची टिपणी जोडून सगळे ‘इंटरनेट आर्काइव्ह’मध्ये ठेवायचे. ही टिपणे मी वाचली आहेत. विनोदी आहेत, अधूनमधून उद्धट आहेत, आणि संपादकाने आपल्या प्रत्येक हस्तक्षेपाचा हिशेब द्यावा या अर्थी ती आदर्श आहेत. आपल्याकडच्या किती संपादित ग्रंथांना एवढी प्रामाणिक प्रस्तावना लाभली आहे?

पुढचा टप्पा ‘अ‍ॅपलसॉस’ या उपकरणाचा आणि २०१८ साली आलेल्या ‘वॉझ’ या फाइल साच्याचा. हे उपकरण फ्लॉपीतला मजकूर वाचत नाही, चकतीवरचे चुंबकीय बदल आणि त्यांमधली वेळ टिपते. कुलूपही मजकुराचाच भाग समजायचे, अशी ही भूमिका आहे. मला ती मोलाची वाटते. प्रकाशकाला आपल्या वाचकाविषयी किती संशय होता, हादेखील इतिहासच आहे.

आता उणे ठरणाऱ्या भागाकडे येतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने ऐतिहासिक सॉफ्टवेअर थेट ब्राउझरमध्ये चालवून दाखवायला सुरुवात केली; जानेवारी २०१५ मध्ये डॉसचे सुमारे २,४०० खेळ त्याच प्रकारे खुले झाले. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे सोंग घ्यायचे, हे एम्युलेटरचे तत्त्व. सोंग उत्तम वठते, यात वाद नाही. पण डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा ‘व्हिजिकॅल्क’ (१९७९), म्हणजे आजच्या एक्सेलचा मूळ पुरुष, तिथे चालवून पाहा. वरखाली जायचे कसे, तेच कळत नाही. मूळ अ‍ॅपल टूच्या कळफलकावर बाणाच्या दोनच कळा होत्या, डावी आणि उजवी. स्पेस बार दाबला की त्याच दोन कळा वरखाली नेऊ लागत, आणि दिशा कोणती ते पडद्याच्या कोपऱ्यातले एक चिन्ह सांगे. हे कागदी पुस्तिकेत होते. पुस्तिका शेजारी नसेल तर समोर चालते ते सॉफ्टवेअर नव्हे, त्याचा पुतळा. ड्राइव्ह सुरू होताना होणारी घरघरही अशीच. त्या ड्राइव्हला पहिला मार्ग ओळखण्याचा संवेदक नव्हता. डोके अडसराला टेकेपर्यंत मागे ढकलायचे, त्याचा तो आवाज. जाणता माणूस नुसत्या कानाने फ्लॉपी बिघडल्याचे ओळखत असे.

एम्युलेशन टाकाऊ आहे असे मला म्हणायचे नाही. जेफ रॉथेनबर्ग यांनी नव्वदच्या दशकात या मार्गाचा आग्रह धरला तो योग्यच होता. तक्रार अशी की ‘चालले’ म्हणजे ‘जतन झाले’ असे समजून आपण टाळ्या वाजवतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची मूळ संहिता २०१२ साली मेकनरच्या वडिलांकडच्या कपाटातल्या फ्लॉप्यांवरून बाहेर निघाली, तेव्हा कोणत्याही एम्युलेटरमध्ये न दिसणारी एक गोष्ट वाचता आली: लेखक स्वतःसाठी कुठे काय टिपण करत होता.

कायद्याची बाजू थोडक्यात. अमेरिकेत कुलूप तोडण्याला जतनापुरती सूट २००३ पासून तुकड्यातुकड्याने मिळत गेली. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिली खरी, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची ‘अ-डिजिटल’ प्रत असेल तर. त्याच कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्राम ही साहित्यकृती आहे. ज्या साहित्यकृतीची अ-डिजिटल प्रत असूच शकत नाही, ती या सवलतीतून आपसूक बाहेर पडते.

आणि हा प्रश्न परक्यांच्या खेळण्यांपुरता नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने वाढवले. त्याचे कार्ड संगणकात बसवले की वर्डस्टार, डीबेस अशा इंग्रजी प्रोग्रामांत देवनागरी अक्षरे उमटत. आज जुन्या डॉससाठी सर्वांत लोकप्रिय असलेला ‘डॉसबॉक्स’ हा एम्युलेटर खेळांसाठी घडवला गेला. त्यात साउंड ब्लास्टर कार्डाचे सोंग आहे, जिस्ट कार्डाचे नाही. हौस ज्याची, जतन त्याचे. नकलाकार पोरांचाच नियम पुन्हा लागू झाला.

जिस्टच्या फाइलींत निदान ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणाली होती, १९९१ साली भारतीय मानक झालेली. तिचे युनिकोड करणे अवघड नाही. त्यानंतर विंडोजवर जे आले त्याची कथा वेगळी. पेजमेकर आणि त्यासोबत एखादे खासगी मराठी अक्षरसंचाचे पॅकेज, असा छपाईचा संसार नव्वदच्या दशकात गावोगाव थाटला गेला. अनेक दिवाळी अंक याच जोडीवर जुळले. प्रत्येक पॅकेजचे संकेत निराळे. अक्षरसंच नसेल तर फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. त्यात काही पॅकेजांना प्रिंटरच्या पोर्टात खोचायचे कुलूप लागे. माझ्या एका लेखाची १९९७ ची दुरुस्त प्रत अशाच एका फ्लॉपीवर आहे. फ्लॉपी वाचली गेली, फाइल शाबूत निघाली. अक्षरसंच जुळेना, आणि ज्या छापखान्यात ते कुलूप होते तो आता नाही. अंकात छापली गेली ती आधीची प्रत, दोन चुकांसह.

या फाइलींसाठी चुंबकीय ठसा घेणारे उपकरण आणून भागणार नाही. कोणत्या पॅकेजच्या कोणत्या आवृत्तीत ‘र्‍य’ कोणत्या तीन कळांनी काढत, अर्धा ‘श’ कोणत्या चिन्हाच्या जागी बसवला होता, हे त्या काळच्या डीटीपी ऑपरेटरांच्या बोटांत आहे. त्यांच्यातले बरेचजण अजून याच व्यवसायात आहेत, आणि लग्नपत्रिकांच्या हंगामात त्यांना फोन उचलायलाही सवड नसते.