‘परिया’ : नाव कोणाचे, शिवी कोणाला?

इंग्रजीच्या तासाला ‘परिया’ हा शब्द आला, की विद्यार्थी वहीत अर्थ उतरून घेतात : समाजाने टाकलेला मनुष्य. विद्यार्थिदशेत मीही तो असाच उतरून घेतला होता. हे एका जिवंत जातीचे नाव आहे, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. घरी तरी कोणाला विचारणार?

तमिळमध्ये ‘परै’ म्हणजे चामड्याचे वाद्य. ते वाजविणारे ते परैयर, अशी या नावाची रूढ व्युत्पत्ती आहे. हलगीचा आवाज ज्यांच्या वाड्यातून उठला, त्यांना हे नाते समजावून सांगायला नको. प्रत्यक्षात हे लोक मुख्यतः दुसऱ्याच्या शेतात राबत होते. सतराव्या शतकात हे नाव इंग्रजीत गेले. मग ते सगळ्याच अस्पृश्यांना लावले गेले, रस्त्यावरच्या कुत्र्यालाही चिकटले आणि शेवटी जगातल्या कोणत्याही बहिष्कृताचे विशेषण झाले. माणसे गळाली, कलंक तेवढा उरला.

याहून क्रूर थट्टा पुढची आहे. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर जगाने बहिष्कार घातला, तेव्हा त्या राजवटीला ‘परिया स्टेट’ म्हटले गेले. म्हणजे माणसाला रंगावरून दूर ठेवणाऱ्या जुलमी सत्तेला नाव दिले ते जुलूम सोसणाऱ्यांचे! ती राजवट १९९४ साली संपली. शब्दप्रयोग मात्र चालूच आहे. आपल्याकडचे शहाणेही मागे नाहीत. एखाद्या पक्षाशी कोणी युती केली नाही, की त्याला ‘राजकीय अस्पृश्य’ म्हणून ते मोकळे होतात.

माझा आक्षेप व्याकरणाचाच आहे. ‘परिया’ म्हटले, की दोष त्या माणसाच्या जन्मात असल्यासारखा वाटतो. टाकणारा कुठेच दिसत नाही. उलट बाबासाहेबांनी १९२७ साली आपल्या पत्राला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले. ‘बहिष्कृत’ म्हणताच प्रश्न उभा राहतो : बहिष्कार कोणी घातला? ‘दलित’ म्हणताच विचारावे लागते : दळले कोणी? हे शब्द आरोपीला पिंजऱ्यात उभे करतात.

दुसरी वाटही आहे. रेट्टमलई श्रीनिवासन यांनी १८९३ साली मद्रासमध्ये पत्र काढले आणि त्याचे नावच ‘परैयन’ ठेवले. शिवी म्हणून फेकलेले नाव त्यांनी मथळ्यावर छापले. पुढे हेच श्रीनिवासन १९३० साली गोलमेज परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी बसले.

आता तासाला हा शब्द आला, की मी अर्थ सांगून थांबत नाही. फळ्यावर दोन प्रश्न लिहितो : हे नाव कोणाचे? त्याची शिवी कोणी केली? परीक्षेत यांना गुण नाहीत. तरी वहीत ते लिहून घेतल्याशिवाय मी पुढचा शब्द घेत नाही.