मालेगावचा वेढा: गॅझेटिअर काय सांगतं, काय सोडतं

मंडळी, मोसमच्या काठावरचा आपला भुईकोट तुम्ही रोज बघता. नारो शंकर राजेबहादूरांनी तो अठराव्या शतकात बांधला. त्याचा १८१८चा वेढा आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे तो १८८३च्या नाशिक गॅझेटिअरमुळे. त्या वर्णनाबद्दल आज माझी एक तक्रार आहे.

आधी त्याचं श्रेय देऊ. तपशिलाला ग्रंथ पक्का आहे. कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेला हा किल्ला किती महाग पडला, दोनशेहून अधिक माणसं कशी कामी आली किंवा जखमी झाली, हे तो लपवत नाही.

तक्रार आहे ती चौकटीबद्दल. आधी अंदाधुंदी, मग इंग्रज, मग शांतता. या चौकटीत किल्ल्यातले अरब शिपाई नुसता अडथळा म्हणून येतात. आता तारखा शेजारी ठेवून बघा. दुसरा बाजीराव ३ जून १८१८ला माल्कमच्या स्वाधीन झाला. मालेगाव पडलं जूनच्या मध्यावर. मग मधले दहाएक दिवस हे लोक कुणासाठी लढले? लुटीसाठी, हे सोपं उत्तर झालं. मला वाटतं, राज्य बुडाल्यावर शिपायाच्या हातात एकच तारण उरतं, ते म्हणजे तो ज्यात बसलाय तो किल्ला. चीनमध्येही १९१६ला युआन शिकाई गेल्यावर प्रांतोप्रांतीचे सेनापती स्वतंत्र झाले. तिथंही जो पगार देईल, त्याचंच सैन्य.

आणि हे ‘बेबंद’ अरब शरण येताना काय मागतात? लेखी कागद! तो मराठीत लिहून दिला गेला. त्यातून मॅकडॉवेलच्या मनात होतं त्याहून जास्त सवलतीचा अर्थ निघाला. वाद एल्फिन्स्टनपर्यंत गेला आणि त्यानं अर्थ अरबांच्या बाजूनं लावला. ज्यांना कायदा माहीत नव्हता म्हणतात, त्यांनी कागदावर भरवसा ठेवला होता. खरी गोष्ट इथं आहे, आणि गॅझेटिअर तिला तळटीपेइतकीच किंमत देतं.

दुसरं म्हणजे सीमा. वेढ्यानंतर मालेगाव खानदेशात होतं. १८६९ला नाशिक जिल्हा झाला तेव्हा बागलाण, नांदगावसोबत ते इकडे आलं. खानदेशचा खंड १८८०चा, नाशिकचा १८८३चा. त्यामुळे झालं काय, वेढा एका पुस्तकात आणि ज्या खानदेशाच्या पडझडीतून तो उद्भवला ती पडझड दुसऱ्या पुस्तकात. होळकरांची स्वारी, दुष्काळ, भिल्लांचे उठाव, ब्रिग्जचा कारभार हे सगळं तिकडे. जिल्ह्याची रेघ हलली आणि इतिहास मधोमध चिरला गेला. म्हणून नुसतं नाशिकचं वाचणाऱ्याला हे अरब आभाळातून पडल्यासारखे वाटतात.

मालेगाव जिल्हा व्हावा, ही मागणी आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. उद्या झाला तर त्याचंही गॅझेटिअर निघेल. लिहिणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: बसताना दोन्ही खंड समोर उघडे ठेवा.