भिंतीवरचे अर्धे वाक्य



‘राष्ट्रभक्तीची प्रेरक वचने’ हा विषय संयोजकांनी दिला, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की आम्ही दहा-बारा तेजस्वी वचने म्हणावीत, टाळ्या घ्याव्यात आणि खाली बसावे. ते आमच्याने होणार नाही. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले. वाक्य समोर आले की ते उलटून पाहायची खोड लागली आहे. तेव्हा आज वचने कमी आणि उलटापालट जास्त, असे समजून चला.

या भागातल्या कितीतरी शाळांत आम्ही बक्षीस समारंभांना गेलो आहोत. भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेले सुविचार असतात, आणि त्यांत एक पाहुणा हमखास भेटतो. देशाने तुमच्यासाठी काय केले हे विचारू नका, तुम्ही देशासाठी काय करू शकता ते विचारा. खाली कधी केनेडींचे नाव, कधी दुसऱ्याच कोणाचे, कधी कोणाचेच नाही.

हे वाक्य २० जानेवारी १९६१ चे. अध्यक्षपदाची शपथ घेऊन जॉन केनेडी बोलत होते, आपल्या अमेरिकन नागरिकांना उद्देशून. पण त्याला लागूनच दुसरे वाक्य आहे, आणि ते जगातल्या नागरिकांना उद्देशून आहे : अमेरिका तुमच्यासाठी काय करील हे विचारू नका, आपण मिळून माणसाच्या स्वातंत्र्यासाठी काय करू शकतो ते विचारा. म्हणजे पहिल्या वाक्यात देश आहे आणि दुसऱ्यात माणूस. भिंतीवर पहिलेच आले, दुसरे वाटेत गळाले. गंमत अशी की केनेडींनी आपल्याला, म्हणजे अमेरिकेबाहेरच्यांना, उद्देशून जे म्हटले ते दुसरे वाक्य होते!

आता आमच्या शास्त्राचे थोडे ऐका. मीमांसकांनी वाक्यांत एक भेद केला. ‘हे कर’ असे सांगते ते विधिवाक्य. नुसती स्तुती करते तो अर्थवाद. आणि त्यांचा आग्रह असा की अर्थवादाला स्वतंत्र बळ नाही. तो एखाद्या विधीला जोडला गेला तरच त्याचे सार्थक. शिवाय विधी म्हटला की तीन प्रश्न आलेच : काय साधायचे, कशाने साधायचे, कसे साधायचे? आणि चौथा अधिकाराचा : हे करायचे कोणी?

आमचा देश महान, हा अर्थवाद झाला. तो म्हणायला सोपा, कारण त्याच्यामागे करायचे काही नाही. आणि केनेडींचे वाक्य विधी आहे खरे, पण भिंतीवर येताना त्याचा ‘कोणी’ बदलला. सत्तेवर नुकत्याच बसलेल्या माणसाने प्रौढ मतदारांना केलेली ती विनंती होती. ती चौथीतल्या मुलीला ‘विचारू नका’ म्हणून सांगितली की निराळीच होते. बरं का, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण मिळणे हा २००२ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क झाला आहे. छप्पर गळत असेल, बाई बदलून गेल्या आणि दुसऱ्या आल्या नसतील, तर तिने विचारलेच पाहिजे. तिचे विचारणे हेही देशाचेच काम आहे.

अर्धे वाक्य काय करते, हे आम्ही दुसऱ्याचे सांगत नाही. स्वतःचे सांगतो. १९७५ साली आम्ही नवे अध्यापक होतो. आणीबाणी लागलेली. विनोबांचे वर्षभराचे मौन चालू होते, आणि त्या मौनात त्यांनी लिहिलेले दोन शब्द सरकारने उचलले : ‘अनुशासन पर्व’. झाले! भित्तिपत्रकांवर तेच, सभांमध्ये तेच. आम्हाला वरून सांगणे आले आणि आम्ही आमच्या सुबक अक्षरात ते महाविद्यालयाच्या फलकावर लिहिले. संतपुरुषाचे शब्द आहेत, आपण विचारणारे कोण, असे मनाला समजावले. डिसेंबरात मौन सुटले आणि विनोबांनी खुलासा केला, की शासन असते राज्यकर्त्यांचे, आणि अनुशासन असते आचार्यांचे. निर्भय, निर्वैर, निःपक्ष आचार्यांचे. म्हणजे तो शब्द राज्यकर्त्यांना बळ देणारा नव्हताच. तो आमच्यासारख्या मास्तरांवर जबाबदारी टाकणारा होता. आणि आम्ही खडू घेऊन त्याची उलटी बाजू लिहून मोकळे झालो होतो. पन्नास वर्षे झाली, ते अक्षर अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

अमेरिकेचा दाखला पुन्हा घेऊ, कारण हे दुखणे त्यांनाही आहे. स्टीफन डिकेटर नावाचा नौदलाचा अधिकारी. १८१६ साली एका मेजवानीत त्याने पेला उंचावून म्हटले की परराष्ट्रांशी वागताना आपला देश नेहमी न्यायाच्या बाजूला असो, पण बरोबर असो वा चूक, देश आपला. लोकांनी सुरुवातीची इच्छा सोडली आणि शेपूट तेवढे धरले. १८७२ मध्ये कार्ल शुर्झ यांनी सिनेटमध्ये त्या शेपटाला उत्तर दिले : देश बरोबर असेल तर त्याला बरोबर ठेवू, चुकला असेल तर त्याला दुरुस्त करू. हे शुर्झ जन्माने जर्मन, तिकडची क्रांती फसल्यावर पळून आलेले. देश निवडून घेतलेल्या माणसाचे हे देशप्रेम आहे. आपल्या घरची मुले आज तिकडे आहेत. त्यांनी डिकेटर उचलावा की शुर्झ, याचा विचार व्हावा.

आणि परक्या देशाचा गौरव कसा करावा, ते आपल्या पुण्याच्या माणसाने दाखवून ठेवले आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. कशासाठी? अमेरिका श्रीमंत म्हणून नव्हे, बलाढ्य म्हणून नव्हे. गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी झीज सोसली म्हणून. आणि लगेच पुढे आशा अशी, की माझ्या देशबांधवांनी शूद्रांना मुक्त करताना हा कित्ता गिरवावा. पाहा, स्तुती आली आणि पाठोपाठ विधी आला. मीमांसकांनी मान डोलवावी असे वाक्य!

आता घराजवळ या. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनीची तुकडी निघाली ती या शिरूरच्या छावणीतून, आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला लढाई झाली. तिथल्या स्तंभावर कंपनीने आपल्या फौजेच्या पराक्रमाचे वचन कोरले, आणि पडलेल्या शिपायांची नावेही कोरली. गौरवाचे वाक्य कंपनीचे होते. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. दगड तसाच राहिला, दार मात्र लागले! १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे आले. त्यांनी साम्राज्याच्या अभिमानाला टाळी दिली नाही. त्या दगडावरची ‘नाक’ने संपणारी नावे आपल्या लोकांपुढे ठेवली, आणि हक्काचा प्रश्न उभा केला. वचन कोणी कोरले यापेक्षा ते कोण आणि कशासाठी वाचतो, हे कधी कधी मोठे ठरते.

कोणी म्हणेल, सर, तुम्ही सगळ्या स्फूर्तीवर पाणी ओतले. नाही हो. दौंडला राखीव पोलीस दलाची वसाहत आहे. घरातला माणूस बंदोबस्तावर गेला की मागे राहणाऱ्या माउलीला देशासाठी काय करायचे ते भिंतीवरून कळत नाही. ती ते करतच असते. तिच्यापुढे उभे राहून आम्ही स्फूर्तीची टवाळी करणार नाही. आमचे म्हणणे उलट आहे. जे तिने किंमत देऊन मिळवले, ते आम्ही रंगाच्या डब्यातून फुकट वाटू नये.

म्हणून शिक्षक मित्रांना एकच विनंती. भिंतीवरचे काही पुसू नका. प्रत्येक वचनाखाली हातभर जागा मोकळी ठेवा आणि मुलांना कामाला लावा : हे कोण म्हणाले, कोणाला, कधी, आणि त्याच्या पुढचे वाक्य काय? सापडेल ते खडूने लिहू द्या. चुकले तर पुसून पुन्हा लिहू द्या. आम्ही १९७५ साली तेवढे केले असते, तर आज तुमच्यासमोर जरा ताठ मानेने उभे राहिलो असतो.