‘कर्बल स्पेस प्रोग्राम’मधील पहिले विमान : बळ, तोल आणि अपयशाचे शिक्षण

प्रस्तावना :

साहित्यकृती, नाटक किंवा चित्रपट यांची समीक्षा करताना आशय आणि रूप यांचा परस्परसंबंध तपासला जातो. संगणकीय खेळाच्या बाबतीत या दोहोंच्या जोडीला ‘नियम’ हा तिसरा घटक येतो. खेळ आपले म्हणणे कथेतून कमी आणि नियमांतून अधिक मांडतो. काय केले असता काय घडते, हे ठरविणारी व्यवस्था हेच त्याचे विधान असते. अमेरिकन अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी ‘पर्स्युएसिव्ह गेम्स’ (२००७) या ग्रंथात या विचाराची सविस्तर मांडणी केली आहे. त्या दृष्टीने ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा अवकाशउड्डाणाचा खेळ अभ्यासनीय ठरतो. अग्निबाण हा या खेळाचा मुख्य विषय. तथापि खेळाडू जेव्हा अग्निबाण बाजूला ठेवून आपले पहिले विमान बांधू लागतो, तेव्हा या खेळाचे शैक्षणिक सामर्थ्य आणि त्याची उणीव या दोन्ही गोष्टी सर्वाधिक स्पष्ट होतात. प्रस्तुत लेखात याच अनुभवाचा चिकित्सक विचार केला आहे.

खेळाचे स्वरूप :

मेक्सिको सिटी येथील ‘स्क्वाड’ या कंपनीत फेलिपे फालांगे यांच्या पुढाकाराने हा खेळ आकारास आला. त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती जून २०११ मध्ये आली आणि पूर्णावस्थेतील १.० ही आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. कर्बिन नावाच्या काल्पनिक ग्रहावरील ‘कर्बल’ या हिरव्या, बुटक्या जमातीचा अवकाश कार्यक्रम खेळाडूने चालवायचा असतो. कर्बिनची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर आहे, परंतु त्याच्या पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकेच आहे आणि वातावरण ७० किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेले आहे. काल्पनिक ग्रह आणि वास्तव पदार्थविज्ञान यांचा हा संयोग या खेळाची खरी ओळख होय.

यातील ‘करिअर’ प्रकारात एक लक्षणीय विसंगती आढळते. मानवी इतिहासात शक्तीवर चालणारे विमान १९०३ मध्ये उडाले आणि पहिला कृत्रिम उपग्रह कक्षेत पोहोचला तो १९५७ मध्ये. खेळात मात्र आरंभी हाती येते ती लहानशी कुपी, घन इंधनाचे इंजिन आणि हवाईछत्री. विमानाचे पंख, जेट इंजिन आणि कॉकपिट यांसाठी आधी काही विज्ञानगुण मिळवावे लागतात. म्हणजेच विमानाकडे वळणारा खेळाडू अग्निबाणाचे संस्कार घेऊनच येतो. हे संस्कार कोणते, हे पाहणे आवश्यक आहे.

अग्निबाणाचा धडा : अधिक बळ

अग्निबाण जमिनीवरून उचलला जात नसेल, तर त्याचा रेटा वजनापेक्षा कमी आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. उपाय सरळ असतो. इंजिन वाढवावे किंवा वजन कमी करावे. तो पुरेशा उंचीवर पोहोचत नसेल, तर इंधनाची टाकी वाढवावी. तळाशी कल्ले लावले की बहुधा दिशाही सांभाळली जाते. कक्षेत पोहोचण्यासाठी यापुढेही पुष्कळ शिकावे लागते हे खरे. परंतु सुरुवातीच्या टप्प्यात ‘कमी पडले की वाढवा’ हा एकच नियम खेळाडूच्या मनावर ठसतो आणि तो बहुतेक वेळा फळासही येतो.

हाच नियम घेऊन खेळाडू हँगरमध्ये शिरतो. नळकांड्यासारखे धड, पुढे कॉकपिट, मागे ‘जूनो’ हे छोटे जेट इंजिन, हवा घेण्याचे तोंड, दोन पंख, शेपूट आणि तीन चाके अशी जुळणी तो करतो. पडद्यावर आकृती विमानासारखीच दिसते. प्रत्यक्ष उड्डाणाची वेळ येते, तेव्हा दिसणे आणि असणे यांतील अंतर उघड होते.

धावपट्टीवरील तीन अपयशे :

पहिल्या विमानाची अपयशे साधारणतः तीन प्रकारची असतात. विमान वेग घेताना एका बाजूस ओढले जाते आणि धावपट्टी सोडून गवतात शिरते. अनेकदा चाके धडाच्या गोलाईवर किंचित तिरपी बसलेली असतात, हे त्याचे कारण असते. दुसऱ्या प्रकारात विमान सरळ धावते, वेगही भरपूर असतो, पण नाक उचलत नाही. धावपट्टी संपून पुढचा उतार येतो तेव्हा कुठे ते हवेत जाते किंवा कोसळते. तिसरा प्रकार सर्वांत नाट्यमय असतो. विमान उचलते आणि उचलताक्षणी नाक वर करीत मागच्या मागे उलटते.

या तिन्ही प्रसंगी अग्निबाणाचा संस्कार खेळाडूस आणखी इंजिने लावण्यास सांगतो. त्याने अपघात अधिक वेगात होतो, एवढेच. दुसऱ्या प्रकारातील मूळ अडचण चाकांच्या जागेत असते. उड्डाणाच्या वेळी विमान मागच्या चाकांवर टेकून नाक वर करते, म्हणजे ती चाके तरफेचा टेकू ठरतात. टेकू गुरुत्वमध्याच्या फार मागे असेल, तर विमानाचे वजन नाकाला खाली दाबून धरते. शिवाय शेपटीवरील पृष्ठभाग टेकूच्या जवळ आल्याने त्याची तरफही आखूड होते. चाके गुरुत्वमध्याच्या पुढे सरकवली, तर विमान शेपटीवर बसते. योग्य जागा या दोहोंच्या मध्ये, गुरुत्वमध्याच्या किंचित मागे असते.

तीन गोळ्यांची भाषा :

या गुंत्यातून बाहेर पडण्यासाठी खेळाने एक साधन दिले आहे. हँगरमध्ये कळ दाबताच विमानावर तीन गोळे दिसू लागतात. पिवळा गोळा वस्तुमानाचा मध्य दाखवितो, निळा गोळा पंखांच्या उचलीचा मध्य दाखवितो आणि जांभळा गोळा रेट्याचा मध्य दाखवितो. एखादा भाग बसवला किंवा हलवला की गोळेही सरकतात. पाठ्यपुस्तकात बलांचे आघूर्ण ही समीकरणाची बाब असते. येथे ती डोळ्यांनी पाहण्याची बाब होते. खांद्यावर कावड घेतलेला माणूस दोन्हीकडचे ओझे पाहून खांदा पुढेमागे करतो, त्याच जातीचे हे ज्ञान आहे.

निळा गोळा पिवळ्याच्या थोडा मागे असावा, हा विमान बांधणीचा प्राथमिक संकेत या साधनातून हाती लागतो. तसे असेल तर नाक वर झाल्याने वाढलेली उचल गुरुत्वमध्याच्या मागे कार्य करते आणि नाकाला पुन्हा खाली आणते. निळा गोळा पुढे असेल, तर तीच उचल नाकाला अधिकाधिक वर ढकलते आणि विमान उलटते. तो फार मागे गेला, तर विमान स्थिर राहते, पण वळेनासे होते. उत्तर ‘अधिक’ किंवा ‘कमी’ यांत नसून प्रमाणात आहे, ही जाणीव येथे प्रथम होते. अग्निबाण बळाचा धडा देतो आणि विमान तोलाचा, असे या संदर्भात म्हणता येईल.

इतिहासातील साम्य :

या दोन वृत्तींचा सामना १९०३ मध्ये प्रत्यक्ष घडला होता. स्मिथसोनियन संस्थेचे सचिव सॅम्युएल लँग्ली यांच्या विमानास सुमारे ५२ अश्वशक्तीचे इंजिन होते आणि अमेरिकन युद्धखात्याचे ५०,००० डॉलरचे साहाय्यही होते. पोटोमॅक नदीतील नौकेवरून ते यंत्राच्या साहाय्याने फेकले गेले आणि ७ ऑक्टोबर व ८ डिसेंबर या दोन्ही दिवशी पाण्यात कोसळले. त्यानंतर नऊच दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, राइट बंधूंचे सुमारे १२ अश्वशक्तीचे विमान १२ सेकंदांत १२० फूट उडाले. त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणात त्याने ५९ सेकंदांत ८५२ फुटांचे अंतर कापले. राइट बंधूंनी आधी अनेक वर्षे ग्लायडरवर तोल आणि नियंत्रण यांचा अभ्यास केला होता आणि १९०१ मध्ये वातबोगदा बांधून पंखांचे अनेक नमुने तपासले होते. लँग्ली यांच्या अपयशामागे रचनेची दुर्बलता आणि प्रक्षेपणातील दोष हीही कारणे होती. तरी बळाआधी नियंत्रणाचा विचार करणारे यशस्वी झाले, हे महत्त्वाचे आहे. खेळाडू हँगरमध्ये काही तासांत याच वाटेने जातो.

खेळाच्या मर्यादा :

येथवरच्या विवेचनावरून खेळाचा गौरवच करावा असे वाटेल. परंतु समीक्षेने दुसरी बाजूही पाहणे अगत्याचे आहे.

पहिली मर्यादा विज्ञानाच्या सुलभीकरणाची आहे. १.० पूर्वीच्या आवृत्त्यांत हवेची ओढ भागाच्या आकारावर नव्हे, तर वस्तुमानावर अवलंबून होती. परिणामी टोकदार नाक बसवल्याने ओढ घटण्याऐवजी वाढत असे. नंतर ही त्रुटी दूर झाली. तथापि मूळ खेळात वारा नाही आणि पंखाच्या छेदाचा आकार बदलण्याची सोय नाही. राइट बंधूंनी वातबोगद्यात ज्याचा शोध घेतला, नेमके तेच येथे वगळले गेले आहे.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. खेळ परिणाम दाखवितो, कारण सांगत नाही. ‘निळा गोळा मागे’ हा संकेत कारणमीमांसेवाचून पाळला गेला, तर तो तोडगा ठरतो, ज्ञान ठरत नाही. उदाहरणार्थ, टाकी पुढे असलेले विमान जाताना उत्तम उडते आणि परतताना उलटते. इंधन संपत गेल्याने पिवळा गोळा मागे सरकलेला असतो. हँगरमध्ये टाकी हाताने रिकामी करून हे आधीच पाहता येते. पण ज्याला संकेतामागील तत्त्व समजले आहे, त्यालाच तसे करण्याचे सुचते. शिवाय हा संकेत सार्वत्रिकही नाही. राइट बंधूंचे १९०३ चे विमान या अर्थाने अस्थिरच होते आणि चालकाला ते सतत सावरावे लागे. भारताच्या ‘तेजस’मध्येही चपळतेसाठी स्थैर्य हेतुतः कमी ठेवले असून संगणक ते सांभाळतो.

तिसरा प्रश्न अपयशाच्या किमतीचा आहे. ग्लायडरचे प्रणेते ऑटो लिलिएनथाल १८९६ मध्ये अपघातात मृत्यू पावले. खेळात कोसळलेले विमान एका आज्ञेने पुन्हा हँगरमध्ये येते आणि कोपऱ्यातील कर्बलचा भेदरलेला चेहरा हसू आणतो. हे हसू निरर्थक नाही. सेमूर पॅपर्ट यांनी ‘माइंडस्टॉर्म्स’ (१९८०) मध्ये चूक ही लाज वाटण्याची बाब नसून शोधून दुरुस्त करण्याची बाब आहे, असा विचार मांडला होता. कर्बलचे हसू ती लाज काढून घेते. मात्र किंमत नसलेले अपयश विचाराविना पुनःपुन्हा करता येते, हेही तितकेच खरे. एका वेळी एकच बदल करून पाहणारा आणि योगायोगाने विमान उडेपर्यंत भाग हलवीत राहणारा, या दोघांत खेळ कोणताही भेद करीत नाही. दोघांनाही सारखेच यश देतो.

निष्कर्ष :

१) बळ वाढवून सुटणारे प्रश्न आणि प्रमाण साधून सुटणारे प्रश्न हे भिन्न असतात, हे या खेळातील पहिले विमान प्रत्ययकारी रीतीने शिकविते.

२) विमानाआधी अग्निबाण देणारा खेळाचा क्रम इतिहासाच्या विरुद्ध असला, तरी या भेदाची जाणीव तीव्र करण्यास तो उपकारक ठरतो.

३) तीन गोळ्यांचे साधन अमूर्त संकल्पना दृश्य करते. परंतु दृश्य होणे म्हणजे आकलन होणे नव्हे.

४) अपयशाला प्रश्नाचे रूप देण्याचे काम खेळ स्वतः करीत नाही. विमान का उलटले, हे विचारणारे कोणी असावे लागते.

महाविद्यालयीन अध्यापनात अशा खेळांना आभासी प्रयोगशाळेचे स्थान देण्याची सूचना स्वागतार्ह आहे. पण प्रयोगशाळेत उपकरणाइतकेच महत्त्व निरीक्षणवहीला असते. उड्डाणापूर्वी अंदाज लिहिणे, एकच बदल करणे आणि कोसळल्यानंतर कारण शब्दांत मांडणे या तीन गोष्टींची जोड मिळाली, तर हा खेळ शिक्षणाचे समर्थ साधन ठरेल. ती जोड देण्याची जबाबदारी अध्यापकाचीच राहते.