इतिहास न पुसणारे कोठार

दुकानात रोजच्या विक्रीची नोंद ठेवणे हे एक काम. त्याच नोंदींवरून ‘गेल्या पाच पावसाळ्यांत कोणता माल कमी खपला?’ हे शोधणे हे दुसरे. पहिल्यासाठी रचलेल्या संगणकीय सारण्या दुसऱ्यासाठी सोयीच्या नसतात. म्हणून रोजच्या व्यवहारांतली माहिती वेगळी काढून, निवडून-पाखडून एकत्र साठवतात. हेच ‘डेटा वेअरहाउस’, म्हणजे माहितीचे कोठार. राल्फ किंबॉल यांचे ‘द डेटा वेअरहाउस टूलकिट’ हे पुस्तक १९९६ साली निघाले आणि या विषयाचे पाठ्यपुस्तकच ठरले. मार्गी रॉस यांच्यासह लिहिलेली तिसरी आवृत्ती २०१३ सालची आहे.

पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे शिस्त. सारणी मांडण्याआधी तिच्यातील एका ओळीचा नेमका अर्थ ठरवा, असा लेखकांचा आग्रह आहे. किराणा विक्रीच्या प्रकरणात एक ओळ म्हणजे एका पावतीवरची एक वस्तू. मध्ये ही मोजमापांची सारणी आणि भोवती तारीख, वस्तू, दुकान यांचे वर्णन करणाऱ्या सारण्या, अशी चांदणीसारखी रचना होते. प्रयोगशाळेत मोजण्याआधी आपण एकक ठरवतो, त्यातलाच हा प्रकार.

सर्वांत मोलाचा भाग आहे तो बदलत्या वर्णनांचा. वस्तूचा विभाग बदलला तर काय करायचे? जुने पुसून नवे लिहायचे, नवी ओळ घालायची, की जुन्यासाठी वेगळा रकाना ठेवायचा? हा प्रश्न शाळेत आणून पाहू. एक मुलगी सातवीपर्यंत सर्व विषय मराठीतून शिकली आणि आठवीत सेमी-इंग्रजीच्या तुकडीत गेली. तिच्या नावापुढची तुकडी नुसती बदलली, तर तिचे सातवीचे गुणही सेमी-इंग्रजीच्या खात्यात जमा होतात. अशी पन्नास हुशार मुले असली, तर मराठी तुकडीचा मागील निकाल आज आपोआप खालावलेला दिसेल. एकही गुण खोटा नाही, तरी निष्कर्ष खोटा!

जुने पुसण्याने इतिहास नष्ट होतो, हे लेखक स्पष्ट सांगतात. मात्र कोणता इतिहास जपायचा, हा निर्णय ते व्यवसायाच्या गरजेवर सोपवतात. माझा आक्षेप इथे आहे. दुकानदाराला न लागणारा इतिहास वस्तू परत मागत नाही. माणूस मात्र मागू शकतो. ज्यांच्या नोंदी कोठारात जातात, त्यांच्या बाजूने हा प्रश्न पाहायला हवा होता. शिवाय एकच रचना धंद्यामागून धंद्याला लावून दाखवल्याने नवखा वाचक कंटाळतो.

तरीही पहिली काही प्रकरणे शिक्षकांनी जरूर वाचावीत. यू-डायस प्लसवर २०२२-२३ पासून आपण विद्यार्थीनिहाय माहिती भरू लागलो. एखादा रकाना बदलताना ‘कालचे उत्तर यामुळे बदलेल का?’ असे विचारण्याची सवय हे पुस्तक लावते. वर्गात हा प्रश्न हजेरीपटावरूनही शिकवता येईल.