पुंजक्यांवरून कणाचा माग : दावा किती, पुरावा किती?

दीर्घिका अवकाशात सारख्या विखुरलेल्या नसतात, त्यांचे पुंजके असतात. या पुंजक्यांवरून कृष्णद्रव्याच्या अतिहलक्या कणांचा, म्हणजे ॲक्सिऑनांचा, माग काढता येईल का? टोरांटो विद्यापीठातील कीर रॉजर्स, रेने ह्लोझेक व सहकाऱ्यांच्या २०२३ च्या शोधनिबंधाचा हा विषय. ‘कोडे सुटले’ असे वर्गात सांगण्यापूर्वी त्याचे मोल तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

यामागील तर्क सरळ आहे. कण जितका हलका, तितकी त्याची तरंगलांबी मोठी. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान सुमारे ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट. येथे विचार आहे तो १० चा उणे ३२वा ते उणे २४वा घात एवढ्या इलेक्ट्रॉनव्होल्टचा! अशा कणाची लाट दीर्घिकेहूनही मोठी असू शकते. मोठी लाट डबक्यात मावत नाही. तसेच हे द्रव्य लहान जागेत साठत नाही आणि पुंजके फिके पडतात.

सुमारे १२ लाख दीर्घिकांचे ‘बॉस’ सर्वेक्षण आणि प्लँक उपग्रहाची निरीक्षणे एकत्र करून लेखकांनी मर्यादा घातली. वस्तुमान उणे ३०व्या ते उणे २८व्या घातादरम्यान असेल, तर असे कण कृष्णद्रव्याच्या १ टक्क्याहून कमी असले पाहिजेत. ही निबंधाची खरी कमाई होय.

आमचे आक्षेप अन्यत्र आहेत. उणे २६व्या घाताशी एकट्या ‘बॉस’ने २.७ प्रमाण विचलनांइतका कौल ॲक्सिऑनांच्या बाजूने दिला. पण प्लँकने तो उचलून धरला नाही. लेखकांनी हे प्रांजळपणे नोंदवले आहे. दुसरे, दीर्घिका म्हणजे सारे द्रव्य नव्हे; दोहोंमधील नाते गृहीत धरावे लागते. शिवाय न्यूट्रिनोही पुंजके फिके करतात.

तिसरा आक्षेप महत्त्वाचा. पुंजकेपणाच्या दोन मापनांतील तफावत या कणांमुळे २.७ वरून १.६ विचलनांवर येते, असे निबंध म्हणतो. परंतु समीकरणात नवी चलराशी घातली की तफावत बहुधा घटतेच. त्यातच २०२५ मध्ये ‘किड्स’ सर्वेक्षणाच्या अंतिम निष्कर्षांत प्लँकशी फरक १ विचलनाहूनही कमी आढळला. तेथील पद्धत वेगळी, प्रकाशकिरणांच्या वाकण्यावर आधारलेली, हे खरे. तरीही औषध शोधेपर्यंत रोगाविषयीच शंका यावी, असे झाले आहे.

मग निबंध फुकट गेला का? मुळीच नाही. तफावत राहो वा जावो, १ टक्क्याची मर्यादा टिकते. कण सापडला नाही, पण तो कोठे मोठ्या प्रमाणात नाही हे कळले. ‘नाही’ हेही विज्ञानात उत्तर असते, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.